माल्टातला ईस्टरचा आठवडा (२०२७): कुठल्या दिवशी कुठे थांबायचं? आणि फिगोल्ली (मासा, कोकरू अशा आकारांची, बदाम भरलेली तिथली ईस्टरची बिस्किटं) नागपूरच्या उन्हात जमतील का?

रामदासपेठ_रसिका

नमस्कार मंडळी. मार्च २०२७ मध्ये माल्टाला जायचं जवळपास ठरलंय. आम्ही चौघं: दोघं नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८, चालतात चांगल्या, पण चढ आणि पायऱ्या नको म्हणतात). ईस्टरचा आठवडा तिथे बघायचाय. नेटवर जिथेतिथे तेच ते, "मिरवणुका निघतात, गोडधोड करतात." कोणत्या दिवशी, कोणत्या गावात, उभं कुठे राहायचं, हे कोणी सांगत नाही. नऊ-दहा दिवस हाताशी आहेत. ईस्टरच्या आधीचे घ्यावे की नंतरचे? मुक्काम राजधानी व्हॅलेटात की समुद्रकाठच्या हॉटेलांच्या भागात? आमच्यात मांस-मासे कोणीच खात नाही, सासूबाईंना अंडंही चालत नाही.

शिवाय ओळखीतल्या एकांनी सांगितलं की माल्टापेक्षा ग्रीसचं कोर्फू बेट भारी, तिथे बाल्कनीतून माठ फेकतात. मुलगा तेव्हापासून तेच धरून बसलाय. एका फेरीत दोन्ही होईल का?

धरमपेठकर

रसिकाताई, आधी तारखा. त्या वर्षी तारखांनीच थोडी गोची केली आहे.

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून आपल्या कॅलेंडरवर तो कधी होळीच्या मागून येतो, कधी हनुमान जयंतीच्या. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, ईस्टर ५ ला. २०२७ मध्ये पौर्णिमा होळीची, २२ मार्चची. म्हणून ईस्टर २८ मार्च, गुड फ्रायडे २६, पवित्र गुरुवार २५, पाम संडे २१.

यातून तीन गोष्टी निघतात. गुड फ्रायडेच्या आदल्या शुक्रवारी माल्टात दुःखी मातेची (येशूच्या आईची) मिरवणूक असते. त्या वर्षी तो शुक्रवार १९ मार्चला येतोय आणि १९ मार्च हा संत जोसेफचा सण, तिथली सरकारी सुट्टी. दोन्ही एकाच दिवशी आल्यावर मिरवणूक पुढे-मागे सरकू शकते, तेव्हा त्या एका दिवसाच्या भरवशावर विमान काढू नका. दुसरं, युरोपात घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक तास पुढे जातात, आणि तो रविवार म्हणजे नेमका ईस्टरचा. शनिवारी रात्री जागरण, रविवारी सकाळची मिरवणूक आणि वर झोपेतला एक तास गायब. मोबाईल आपोआप बदलतो, हॉटेलच्या भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही. भारताशी फरक शनिवारपर्यंत साडेचार तासांचा, रविवारपासून साडेतीनचा. तिसरं, ३१ मार्च हा माल्टाचा फ्रीडम डे, म्हणजे मुक्ती दिन. १९७९ मध्ये त्या दिवशी ब्रिटिश फौजा बेट सोडून गेल्या. तेव्हा ग्रँड हार्बरमध्ये होड्यांच्या शर्यती असतात.

म्हणून माझं मत: मंगळवार २३ ला पोचा, गुरुवार १ एप्रिलला निघा. "आधीचे की नंतरचे" हा प्रश्नच मिटतो.

मुक्काम व्हॅलेटात किंवा समोरच्या तीन शहरांपैकी एकात: बिर्गू, बोर्मला, इस्ला. सेंट ज्युलियन्सकडची हॉटेलं स्वस्त पडतील, पण गुड फ्रायडेला संध्याकाळी रस्ते बंद होतात, बसचे मार्ग वळवतात आणि मिरवणूक संपल्यावर सगळं गाव एकदम घरी निघतं. सासूबाईंना घेऊन तेव्हा टॅक्सी शोधत फिरणं म्हणजे ताप.

आता एकेक दिवस.

बुधवारी संध्याकाळपर्यंत सेंट जॉन्स को-कॅथेड्रल उरकून घ्या. काराव्हाज्योचं १६०८ चं मोठं चित्र तिथेच आहे. गुड फ्रायडेला आणि रविवारी ते पर्यटकांसाठी उघडं नसतं, आणि मग "पुढच्या वेळी" म्हणावं लागतं.

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होते. तिच्यात ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणताना घंटा वाजतात, त्यानंतर थेट शनिवार रात्रीच्या ग्लोरियापर्यंत मुक्या. मधल्या काळात चुक्लायता नावाचा लाकडी खुळखुळा वाजवतात, लाकडावर लाकूड आपटणारा. मोठे तर चर्चच्या गच्चीवर बसवलेले असतात. मिस्सेनंतर लोक सात चर्चला भेट देतात. व्हॅलेटा इथे सोयीचं, कारण सगळं शहर लांबीला जेमतेम एक किलोमीटर आणि चर्चं पावलापावलावर. पण आडव्या गल्ल्या खोल उताराच्या आहेत, काही नुसत्या पायऱ्याच. सासूबाईंसाठी रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीट या दोन लांब, माथ्यावरच्या रस्त्यांवरची चर्चं धरा, सात आरामात होतात. प्रत्येक ठिकाणी सजवलेली वेदी बघायची, दोन मिनिटं शांत बसायचं, पुढे निघायचं. फ्लॅश नाही, खांदे झाकलेले.

त्याच दिवसांत व्हॅलेटात डॉमिनिकन पंथाच्या साधूंच्या वास्तूत शेवटच्या भोजनाचं टेबल मांडतात. बारा शिष्यांची पानं, खरं अन्न, नंतर ते गरजूंना वाटतात. इतरही गावांत अशी मांडणी असते, रंगवलेला तांदूळ आणि मीठ वापरून काढलेल्या चित्रांसकट. बारीक काम आहे, मुलाला आवडेल.

शुक्रवार. दुपारी तीनला उपासना, साधारण पाचच्या पुढे मिरवणुका. बऱ्याच गावांत एकाच वेळी असतात, म्हणजे एकच गाव निवडायचं. व्हॅलेटात ती फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंच्या त' जीझू चर्चपासून निघते. झेयतून आणि हाझ-झेब्बूजच्या मिरवणुका पसाऱ्याने मोठ्या. झेब्बूजला घोडे आणि रोमन सैनिकांच्या वेशातली माणसं भरपूर. लहान मुलाला झेब्बूज जास्त रमवेल. पण सासूबाई बरोबर आहेत, तेव्हा मी व्हॅलेटाच म्हणेन, खोली पाच मिनिटांवर असली की झालं.

पुतळे सहसा आठ, कथेच्या क्रमाने: बागेतली व्याकुळता, फटके, काटेरी मुकुट, क्रूसाखाली पडलेला ख्रिस्त, व्हेरोनिका, क्रूसावरचा, मृत ख्रिस्ताची शवपेटी आणि शेवटी दुःखी माता. हा क्रम मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या पुतळ्यानंतर त्याला सगळे सारखेच वाटतील. पुतळे खांद्यावरून नेतात. वाहणाऱ्यांच्या हातात वरून फाटा असलेली काठी असते. थांबा आला की पुतळ्याचा दांडा त्या फाट्यावर टेकवतात. म्हणून उभं राहायचं ते अशा थांब्याजवळ, बहुधा वळणावर नाहीतर चौकात. तिथे पुतळा मिनिटभर स्थिर मिळतो आणि काठ्या दगडावर टेकल्याचा आवाजही येतो. पांढऱ्या टोपडीत चेहरा झाकलेले, पायात लोखंडी साखळ्या ओढत चालणारे लोक दिसतील. ते नवस फेडत असतात आणि ओळख लपवण्यासाठीच तोंड झाकलेलं असतं. त्यांच्या डोळ्यांत कॅमेरा घालू नका.

मिरवणूक संथ असते, दोन-तीन तास सहज. एक घडीचं स्टूल सासूबाईंसाठी न्याच.

शनिवारी दिवसभर सामसूम. शेजारच्या गोझो बेटावर जाऊन या. चिरकेव्वाहून फेरीने सुमारे पंचवीस मिनिटं, आणि तिकीट जाताना नाही, परत येताना लागतं. रात्रीच्या उपासनेत चर्चमध्ये अंधार करून मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटवत नेतात, मग घंटा. रविवारी लवकर उठायचंय, म्हणून मुलाला झोपवून दोघांपैकी एकाने जावं.

रविवार सकाळ म्हणजे तीन शहरांची. पुनरुत्थित ख्रिस्ताचा पुतळा बँडच्या गजरात गावभर फिरतो आणि शेवटच्या चढावर वाहणारे तो खांद्यावर घेऊन धावत चर्चमध्ये नेतात. आठवड्याभरात लोकांनी दाबून ठेवलेलं सगळं त्या अर्ध्या मिनिटात बाहेर पडतं. बिर्गू, बोर्मला, इस्ला तिन्हीकडे असतं आणि वेळा एकमेकांना भिडतात. एकच धरा. धाव बघायची तर चर्चच्या दाराशी नव्हे, चढाच्या मध्यावर बाजूला उभे राहा. दाराशी इतकी दाटी होते की मुलाला फक्त पाठी दिसतील. व्हॅलेटाहून बोर्मलाला छोटी फेरीबोट जाते, पण ईस्टरच्या दिवशी ती किती वाजता सुरू होते हे आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन वाचा.

मिरवणुकांच्या नेमक्या वेळा पॅरिश (त्या-त्या गावची चर्चं) त्या-त्या वर्षी जाहीर करतात. पावसाची लक्षणं दिसली तर रद्दही होते, कारण पुतळे जुने, रंगकाम नाजूक. पुढे ढकलत बसत नाहीत.

खामल्याचा_प्रवासी

वर सगळं आलंच आहे, कागदपत्रांचं तेवढं जोडतो. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. प्रत्यक्षात जानेवारीच्या सुरुवातीला द्या. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३० हजार युरोचा. एक चूक बरेच जण करतात: विम्याची मुदत परतीच्या विमानाच्या तारखेलाच संपवतात. दोन दिवस जास्तीच्या घ्या.

नागपूरहून दोहामार्गे जोडणी मिळते का ते आधी बघा, वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. नाही मिळाली तर मुंबई. पण मग नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढू नका. एकाच तिकिटावर असलं की पहिलं विमान लेट झालं तरी पुढची जबाबदारी त्यांची.

हवा: तिथे तेव्हा दिवसा १६ ते १८, रात्री १० च्या आसपास, आणि वारा बोचरा. इकडे तेव्हा पारा ३८ ला टेकलेला, त्यामुळे बॅगेत स्वेटर भरताना हात जड होतो. तरी भरा, आणि कानटोपी सासूबाईंसाठी. रात्रीच्या मिरवणुकीत उभं राहिलं की थंडी पायांतून चढते. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वाऱ्यात छत्री उलटी होते. प्लग इंग्लंडसारखा, तीन चौकोनी पिनांचा.

खाणं: पास्तित्सी म्हणजे खारी बिस्किटासारखे पदर सुटणारे पॅटिस, आत रिकोटा चीज किंवा वाटाणा. भाजी आहे म्हणून शाकाहारी समजू नका, पदरांना कधी कधी डुकराची चरबी लावतात. दर दुकानात विचारा. वसंतात कुस्क्सू नावाचं सूप मिळतं, ओले फावा बीन्स आणि मोत्यासारखा पास्ता घालून; वर बहुधा अंडं सोडतात, ते नको सांगा आणि पाणी मांसाचं तर नाही ना विचारा. गुड फ्रायडेला आणि ईस्टरला दुकानं जवळजवळ सगळी बंद. दूध, ब्रेड, फळं गुरुवारी दुपारीच.

मोहननगर_बेकर

धाग्यात घुसखोरी करते, माफ करा. आम्ही माल्टाला जाणार नाही, पण ईस्टरला कॉलनीच्या बेक सेलमध्ये फिगोल्ली ठेवायच्या आहेत. नेटवरच्या कृतीने केल्या तर कापलेला मासा भाजल्यावर पसरून भाकरी होतो, आणि कडा उकलून बदाम बाहेर. ओटीजी आहे, मोठा ओव्हन नाही. शिवाय गिऱ्हाइकांपैकी निम्मी विना-अंड्याचं मागतील.

इतवारी_किराणा

मोहननगरताई, दोन्ही दुखणी एकाच कारणाची: बटर. ते ३२ अंशांच्या पुढे पातळ व्हायला लागतं आणि मार्चअखेर आपलं स्वयंपाकघर दुपारी ३५ च्या वर असतं. युरोपातल्या कृतीत "पीठ लाटा, कापा, भरा, भाजा" असं सरळ लिहिलेलं असतं, कारण तिथलं स्वयंपाकघर १८-२० अंशांचं. आपल्याकडे प्रत्येक पायरीनंतर फ्रिज. काम सकाळी सहाला सुरू करा. आणि कूलर स्वयंपाकघरात लावू नका, दमट हवेने पिठीसाखर ओलावते.

वीतभर माशाच्या किंवा कोकराच्या आकाराच्या, साधारण २० सेंटिमीटरच्या तीन फिगोल्लींसाठी:

वरचं पीठ: मैदा ५०० ग्रॅम, बिनमिठाचं थंड बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १७५ ग्रॅम, एक अख्खं अंडं आणि दोन बलक, एका लिंबाची किसलेली साल, चिमूट मीठ. लागलंच तर दोन चमचे बर्फाचं पाणी.

सारण: बदामपूड ३०० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, दोन अंड्यांचा पांढरा, संत्र्याची साल, आणि तिकडे घालतात ते संत्र्याच्या फुलांचं पाणी एक चमचा.

बदाम कॅलिफोर्नियाचे घ्या. मामरा महाग, आणि तेल जास्त असल्याने मिक्सरमध्ये त्याचं लोणी होतं. सालं काढलेले बदाम पूर्ण वाळवून, सारणातलीच मूठभर साखर घालून, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवलात की गरम होऊन तेल सुटलंच. फुलांचं पाणी नाही मिळालं तर केवडा अजिबात नको, तो सगळ्यावर बसतो. आपल्याकडे मार्चमध्ये मृग बहाराची संत्री बाजारात असतात; सोलायच्या आधी अख्ख्या फळावरच बारीक किसणीने फक्त नारिंगी भाग काढा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसायला गेलात तर पांढरा गाभाही उतरतो आणि कडू लागतं.

मैद्यात बटर बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखं झालं की साखर, साल, अंडी. मळायचं नाही, फक्त गोळा बांधायचा. मळलंत तर भाजताना आक्रसतं. चपटा करून अर्धा तास फ्रिजमध्ये. मग दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून ५ मिलिमीटर जाडीला लाटा. पातळ लाटलं तर आयसिंगच्या वजनाने मान मोडते, विशेषतः कोकराची. पुठ्ठ्याचा साचा ठेवून दोन-दोन तुकडे कापा. आकार लांबट, कान-शेपट्या कमी असलेला निवडा. फुलपाखरू सुरुवातीला नको.

आता मुख्य पायरी: कापलेले तुकडे पेपरसकट पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. कडक झाले की खालच्यावर सारण पसरा, एक सेंटिमीटर जाड, आणि कडेने एक सेंटिमीटर जागा मोकळी. मोकळ्या कडेला पांढरा लावा, वरचा तुकडा ठेवा, बोटाने दाबा, काट्याने नाही. काट्याच्या खाचांतूनच ती उकलते. सारण हाताला चिकटत असेल तर ते ओलं आहे, त्याची वाफ कड उघडते. थोडी बदामपूड वाढवा. पुन्हा दहा मिनिटं फ्रीझर, मग भाजा.

ओटीजी १८० ला पंधरा मिनिटं आधी तापवलेला, मधली जाळी, वरखाली दोन्ही रॉड. खालचा रॉड जवळ असल्याने तळ जळतो, म्हणून एकावर एक दोन ट्रे ठेवा. २० ते २५ मिनिटं, कडा फिक्या सोनेरी. बाहेर काढताना मऊ लागेल, घाबरू नका. अर्धा तास ट्रेवरच राहू द्या. गरम उचललीत की मधोमध तुटते.

आयसिंग पूर्ण गार झाल्यावर, निदान तीन तासांनी. कच्च्या पांढऱ्याचं आयसिंग मार्चच्या उन्हात विकायला मी नको म्हणेन. मेरँग पावडर (सुकवलेल्या पांढऱ्याची पूड) वापरा. वर चॉकलेटचं अर्धं अंडं चिकटवतात, तीच तिची ओळख. पण ते सेलच्या टेबलावर लावा, घरून लावून नेलंत तर सदरपर्यंत पोचेस्तोवर त्याचा ओघळ होईल.

अंड्याशिवाय: पिठात अंड्यांऐवजी चार-पाच चमचे थंड दूध, थोडं थोडं घालत. सारणात साखर दीडशे ग्रॅमवर आणा आणि एकतारी पाक चार-पाच चमचे घालून बांधा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर. चालतं, पण खरं सांगायचं तर सारण जरा भुसभुशीत राहतं.

रामदासपेठ_रसिका

धरमपेठकरदादा, तारखांचं लक्षातच आलं नव्हतं, विशेषतः घड्याळाचं. इतवारीदादा, सासूबाईंना तिथे ईस्टरचं काही गोड विना-अंड्याचं मिळेल का? आणि गुरुवारच्या वेद्यांवर पांढरट गवतासारखं काहीतरी ठेवलेलं फोटोत दिसतं, ते काय असतं?

इतवारी_किराणा

मिळेल ना, आणि मुळातलंच. क्वारेझिमाल. उपवासाच्या चाळीस दिवसांतलं बदामाचं बिस्कीट. जुन्या रिवाजात त्या काळात अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य, म्हणून त्यात यातलं काहीच नसतं. मोहननगरताई, सेलमध्ये विना-अंड्याच्या फिगोल्लीपेक्षा हेच ठेवा. गिऱ्हाइकाला "अंडं काढून" नव्हे, "असंच असतं" म्हणून विकता येतं.

२०० ग्रॅम बदाम हलके भाजून, निम्मे बारीक, निम्मे जाडसर. मैदा २००, साखर १५०, कोको एक मोठा चमचा, दालचिनी अर्धा चमचा, लवंगपूड चिमूट, एका संत्र्याची साल. पाणी ८० ते १०० मिली, एकदम नाही. जाडसर बदाम पाणी हळू पितात, पाच मिनिटं थांबून मगच आणखी घाला. बोटभर जाड, वीतभर लांब पट्ट्या. १८० ला १८-२० मिनिटं. मऊ असतानाच काढायच्या, कारण पूर्ण कडक होईपर्यंत भाजल्या तर दुसऱ्या दिवशी दाताला आव्हान. गरम असतानाच मध लावा, वर बदामाचे तुकडे. डब्यात आठवडाभर राहतं, उन्हात वितळायला यात काही नाही.

माल्टात बेकरीत क्वारेझिमाल ईस्टरच्या आधीच घ्या, नंतर गायब होतं. कॅरबच्या शेंगांच्या पाकाच्या गोळ्याही याच दिवसांत मिळतात, तपकिरी, कागदात गुंडाळलेल्या. तीळ-बदाम लावलेली ब्रेडची कडी, तिला प्रेषितांची कडी म्हणतात, तीही. तिच्यात अंडं-दूध असतं का हे दुकानागणिक बदलतं, विचारून घ्या.

वर्धारोड_बागवान

ते पांढरं गवत म्हणजे जुल्बीना. एका रानटी कडधान्याचे, अंधारात वाढवलेले कोंब. आपल्या नवरात्रातलं घटाचं धान किंवा भुजल्या, तीच रीत. फरक इतकाच की तिथे प्रकाश अगदीच येऊ देत नाहीत, त्यामुळे हिरवा रंग धरतच नाही आणि कोंब दोऱ्यासारखे लांब, पांढरे होतात. नाताळच्या गोठ्यातही ठेवतात. इटलीच्या सिसिली आणि सार्डिनिया बेटांवर गुरुवारच्या वेदीसाठी गहू असाच वाढवतात.

घरी करायचं तर मसूर किंवा गहू. आठ तास भिजवा, पसरट ताटलीत कापसाचा बोटभर थर ओला करून त्यावर दाणे एकाच थरात, एकावर एक नको. कपाटात बंद. सकाळ-संध्याकाळ फक्त फवारा. माल्टात थंडीमुळे महिनाभर आधी लावतात. नागपुरात मार्चमध्ये नऊ-दहा दिवस पुरे. गुरुवार २५ ला हवं असेल तर १५ तारखेला लावा. बिघडतं ते पाणी साचल्याने: आंबूस वास आला की ताटली तिरकी करून पाणी काढा, बुरशी आलेला भाग कापसासकट उचलून टाका. ३२ च्या वर मसूर कुजतो, गहू तग धरतो. उकाडा लवकर लागला तर गहूच. बघायला म्हणून रोज कपाट उघडत राहिलात तर टोकं पोपटी होतात.

कोर्फूप्रेमी_नागपूर

माठांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. रसिकाताई, २०२७ मध्ये दोन्ही एका फेरीत अशक्य. कोर्फू ग्रीक ऑर्थोडॉक्स, त्यांचा ईस्टर जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या हिशोबाने, त्या वर्षी २ मे. पाच आठवड्यांचं अंतर. २०२८ मध्ये दोन्ही १६ एप्रिललाच, पण तेव्हा एकाच दिवशी दोन बेटांवर कसे असणार? तात्पर्य, निवडावंच लागतं. मुलाच्या सुट्ट्या मेमध्ये असतील तर कोर्फू जास्त सोयीचं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

माठ पवित्र शनिवारी. सकाळी नऊच्या सुमारास संत स्पिरिडॉनच्या अवशेषांची मिरवणूक, तिच्यात गावातले फिलहार्मोनिक बँड. सगळ्यात जुना १८४० चा, लाल गणवेशाचा; निळ्यांचा मांझारोस १८९० चा. अकराला पहिल्या पुनरुत्थानाची घोषणा झाली की लिस्टन आणि स्पियानादा चौकाच्या बाजूच्या बाल्कन्यांतून पाणी भरलेले मातीचे माठ खाली. काही माठ माणूसभर उंच. बाल्कनीला लाल कापड लावलेलं असतं. खाली दोऱ्या बांधून रस्ता मोकळा ठेवतात. दोरीच्या आत पाय नाही, आणि पुढच्या रांगेतही नको, खापऱ्या उडतात. मुलाला डोळ्यांवर साधा चष्मा आणि पायात बंद बूट. संपल्यावर लोक शकुनाची म्हणून एखादी खापरी उचलून नेतात. दहा वाजता जागा धरली तर मागची रांग मिळते, साडेदहानंतर काही नाही. बाल्कनीची खोली हवी तर जवळपास वर्षभर आधी.

शुक्रवारी तिथे जवळजवळ प्रत्येक चर्चचा फुलांनी सजवलेला एपिटाफ (ख्रिस्ताची प्रतीकात्मक शवपेटी) निघतो, एकामागून एक, दुपारपासून रात्रीपर्यंत. आणि शनिवारी मध्यरात्री चौकातल्या बँडस्टँडवर पुनरुत्थान, मेणबत्त्या, जुन्या किल्ल्यावरून आतषबाजी.

बरं, माल्टाहून जवळचं काही जोडायचंच असेल तर सिसिली. व्हॅलेटा ते पोझ्झाल्लो कॅटामरानने पावणेदोन तास. पण त्रापानीची गुड फ्रायडेची मिरवणूक त्याच शुक्रवारी दुपारी निघून शनिवारपर्यंत चोवीस तास चालते, म्हणजे ती बघायची तर माल्टाचा शुक्रवार सोडावा लागेल. शिवाय त्रापानी सिसिलीच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाईंना घेऊन नको.

धरमपेठकर

कोर्फूप्रेमींशी सहमत, फक्त मेमध्ये कोर्फूचे दर बघून मग बोला.

रसिकाताई, ईस्टरनंतरच्या दिवसांचं राहिलं होतं. सोमवारी माल्टात सरकारी सुट्टी नसते, दुकानं उघडतात. घरगुती खरेदी, म्दिना (तटबंदीतलं जुनं शहर) वगैरे तेव्हा. मंगळवारी दिंगलीच्या कड्यांकडे, पिवळी शेवंती आणि लाल सुल्ला याच काळात फुललेली असते, मेमध्ये सगळं वाळून पिवळं पडतं. बुधवारी ३१ ची शर्यत: व्हॅलेटातल्या अप्पर बराक्का बागेतून सगळं बंदर दिसतं, बसायला बाक आहेत आणि खाली उतरायला लिफ्टही आहे. पण होड्या वरून मुंग्या वाटतात. मुलाला वल्ही मारणारे जवळून बघायचे असतील तर वडिलांनी त्याला घेऊन इस्लाच्या धक्क्यावर जावं, सासूबाई आणि तुम्ही वरच. एप्रिलमधला म्जारचा स्ट्रॉबेरीचा उत्सव, फ्लोरियानाचा संत पब्लियसचा फेस्ता, म्हणजे गावच्या संताचा उत्सव (ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी) आणि महिनाअखेरची आंतरराष्ट्रीय आतषबाजी, हे तिन्ही तुमच्या तारखांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी मुक्काम लांबवण्याइतकं मला तरी वाटत नाही, अपवाद आतषबाजीचा.

मोहननगर_बेकर

इतवारीदादा, दोन ट्रेची युक्ती आणि फ्रीझर, दोन्ही करून बघते. रसिकाताई, तिकडून एक खरी फिगोल्ला आणाल का, जाडी मोजायला?

इतवारी_किराणा

आणा, पण केबिन बॅगेत, कडक डब्यात, उभी नाही आडवी. चेक-इनमध्ये टाकली तर बदामाचा भुगा मिळेल. आणि वरचं चॉकलेटचं अंडं विमानातच खाऊन टाका, २ एप्रिलला नागपूर विमानतळाबाहेर पडल्यावर ते डब्याला चिकटलेलंच निघेल.